निरंक

आमच्याकडे ऑगस्टात आभाळाकडे कोणी बघत नाही, टँकरच्या वाटेकडे बघतात. मी जत तालुक्याच्या पूर्व भागात आरोग्य सेवक. टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली का बघायचं, विहिरीचं ओटी घ्यायचं, म्हणजे नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन आहे का बघायचं (पिवळं झालं तर आहे), घरोघर हिंडून तापाचे रुग्ण शोधायचे आणि रक्तनमुने काढायचे, हा माझा धंदा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाला टँकर चालू होता आणि त्याच जिल्ह्यात, ८०-९० किलोमीटरवर, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट.

१३ तारखेला फोन आला, उद्या सकाळी पलूस तालुक्यात हजर व्हा. बायकोने पिशवीत दोन जोडी कपडे आणि भाकरी भरल्या. शेजारचे आण्णा म्हणाले, "तिकडनं येताना जरा पाणी आणा की गाडीत घालून." हसायला आलं, पण तासगाव ओलांडेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

ज्या गावात मला टाकलं त्याचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठचं, उसाचं, दुभत्या म्हशींचं गाव. ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी नाव बुडून जेमतेम आठवडा झाला होता आणि त्या बाजूला कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. गावात बऱ्याच घरांच्या भिंतीवर २००५च्या पुराची खूण होती. रंगाने रेघ मारून साल लिहिलेलं. त्या रेघेवर लोकांचा विश्वास होता. पाणी तिथवर येईल, त्याच्या वर नाही, या हिशोबाने माणसांनी धान्याची पोती माळ्यावर चढवली होती. त्या वर्षी पाणी रेघेच्या चार-पाच फूट वर जाऊन आलं.

पाणी उतरलेल्या गावाचा वास कसा असतो ते लिहून सांगता येत नाही. कुजलेला ऊस, भिजून फुगलेला गहू, डिझेल, सेप्टिक टाक्यांचं वर आलेलं सगळं आणि दावणीलाच मेलेली जनावरं. पहिल्या दिवशी मी दोनदा ओकलो. नाकाला बांधायला रुमाल होता, त्याला बाम चोळला, मग डोळे झोंबायला लागले.

गावात शिरल्या शिरल्या मला पहिलं काय दिसलं असेल तर पांढऱ्या रेघा. चावडीपासून मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, लग्नाच्या मांडवाला मारतात तशा, सरळ. चुना आणि टीसीएल एकत्र कालवून ट्रॅक्टरमागे दोन पोरं उभी राहून उधळत होती. टीव्हीवाले येणार होते म्हणे. ग्रामपंचायतीत टीसीएलची दहा पोती आली होती, २५ किलोची. त्यातली दोन अशी रस्त्याला गेली. संध्याकाळी सर आली आणि रेघा गटारीत गेल्या.

मी विचारलं, "विहिरीत किती टाकली?"

पाणी सोडणारे बापू म्हणजे आमच्या भाषेत जलसुरक्षक. साठीला टेकलेले, त्यांचं स्वतःचं घर गळ्यापर्यंत बुडालेलं. म्हणाले, "साहेब, इथं वास मरंना झालाय. आधी गाव तरी धुऊन काढू, मग विहिरीचं बघू."

पुढचे तीन आठवडे मी याच एका समजुतीशी झगडत होतो. जिथे वास तिथे रोग, हे माणसाच्या हाडात बसलंय. म्हैस मरून फुगली की सगळं गाव तिच्याभोवती. ती हलवायलाच हवी, ती विहिरीच्या किंवा नदीच्या अंगाला असेल तर ताबडतोब, पण नुसत्या वासाने कोणाला कॉलरा होत नाही. जे पाणी फडक्यातून गाळल्यावर स्वच्छ दिसतं, ज्याला कसलाच वास नाही, ते मारतं. हे सांगायला मला दोन वाक्यं लागतात, पटवायला तीन आठवडे पुरले नाहीत. पुढाऱ्यांनाही पावडर रस्त्यावरच हवी होती. विहिरीत टाकलेली दिसत नाही ना कोणाला.

म्हशींचं काम जनावरांच्या डॉक्टरांनी आणि गावच्या पोरांनी केलं. काळ्या रानात जेसीबी रुतला, त्याला काढायला दुसरा आणला. नदी, ओढा, विहीर यांच्यापासून लांब खड्डा, पुरुषभर खोल, वर चुना आणि मीठ. एक म्हातारी खड्ड्याच्या काठावर बसून होती. "पंचवीस सालं धार काढली" एवढंच म्हणत होती. पंचवीस वर्षं एक म्हैस जगत नाही हे मलाही कळत होतं. तिच्या आईची, आजीची धरून असेल.

मी पाण्याकडे वळलो. गावाची पाणीयोजना नदीवरच्या जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीची. मोटारी गाळात गेल्या होत्या. तोवर जुनी गावविहीर उपसून, तिच्यातून उंच टाकी भरायची ठरली. विहीर उपसायलाच दोन दिवस गेले. आत काय काय निघालं त्याची यादी नको. मग हिशोब. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, मीटरमध्ये, गुणिले ७८५, की आले लिटर. पाच मीटर व्यास, सहा मीटर पाणी, म्हणजे एक लाख १७ हजारांच्या वर. हजार लिटरला पाच ग्रॅम धरली तर सहाशे ग्रॅमच्या आतच. आकडा ऐकून बापू माझ्याकडे बघतच राहिले. रस्त्याला ५० किलो आणि विहिरीला अर्धा-पाऊण किलो? पण पुराच्या गढूळ पाण्यात क्लोरीन गाळच खाऊन टाकतो, म्हणून आम्ही आधी तुरटी फिरवली, गाळ बसू दिला आणि मग पावडर दुप्पट धरली.

पावडर ओंजळीने फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करायचा, गुठळ्या मोडायच्या, बादली भरायची, दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायचं आणि ती बादली दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली वर-खाली, वर-खाली करत फिरवायची. मग अर्धा तास ते तासभर कोणी पाणी काढायचं नाही. हे सगळं मी २० वर्षं करतोय. पण पोतं उघडलं तर पावडर ओलसर, गुठळ्या झालेली, वासही मंद. ओल लागलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो नुसता चुना. म्हणजे ५० किलो रस्त्यावर मारली ती चांगली होती आणि कोपऱ्यात पाण्यात भिजलेली आमच्या वाट्याला! तालुक्याला फोन करून नवी दोन पोती मागवली, ती संध्याकाळी आली. पहिल्यांदा ओटी घेतलं तेव्हा नळीतलं पाणी पिवळं झालं. तो पिवळा रंग मला हळदीपेक्षा शुभ वाटतो.

१५ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. शाळेत छावणी. झेंडावंदन झालं आणि आशाताईंनी मला राखी बांधली. त्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता आणि त्या सकाळी सहापासून छावणीत ओआरएसची पाकिटं वाटत होत्या. ओवाळणीला खिशात ओले पन्नास रुपये होते.

छावणीत वेगळी डोकेदुखी. मदत मुंबई-पुण्याकडून, सोलापूरकडून, कुठून कुठून येत होती, आणि त्या माणसांबद्दल वावगं बोलवत नाही. पण पहाटे केलेली पुरीभाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठ तासांनी दुपारी पोचली, की ती मदत राहत नाही. झाकण उघडलं की आंबूस वास. आलेलं अन्न टाकायला कोणाचं मन होईना. मी आणि सिस्टरने चार पातेली शाळेमागे पुरली तर एक आजोबा म्हणाले, "देवानं नेलं, आता तुम्ही न्या." काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकच निरोप पाठवत राहिलो, शिजवलेलं पाठवू नका, शिधा द्या, चूल इथे पेटवू. जुन्या कपड्यांचे ढीग तर रस्त्याकडेला भिजत पडले होते.

छावणीत चारशे माणसं आणि चार संडास. हात धुवायला साबण संडासाच्या दाराशी ठेवला तर चोरीला जायचा. मग एका पोराने साबण पायमोज्यात घालून नळाला बांधला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एवढं साधं माझ्या २० वर्षांच्या नोकरीत मला सुचलं नव्हतं.

आता माझी चूक सांगतो.

१७ तारखेला टाकी भरली, नळाला पाणी सोडलं. मी टाकीखालच्या नळाचं ओटी घेतलं, छान पिवळं. रजिस्टरला लिहिलं, टीसीएल होय, ओटी होय. संध्याकाळच्या अहवालात साथउद्रेकाच्या रकान्यात लिहिलं ‘निरंक’. सरकारी कागदावर काहीच नसलं की हा शब्द लिहितात.

१९ तारखेला सकाळी आशाताई धावत आल्या. "भाऊ, खालच्या गल्लीत तीन घरांत जुलाब लागलेत." दुपारपर्यंत अकरा माणसं झाली. त्यात दोन वर्षांचं एक पोर, डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळूहळू मागे जाणारी. त्याला जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, बाकीच्यांना ओआरएस आणि पोरांना झिंकच्या गोळ्या. मी त्या गल्लीतल्या शेवटच्या घराच्या नळाचं ओटी घेतलं. पाणी पांढरंच राहिलं. आणखी थेंब टाकले, तरी पांढरं.

ओटी शेवटच्या घराचं घ्यायचं असतं. नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात शिकवतात. पुराच्या दिवसांत तर तिथे निदान अर्धा पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, क्लोरीन उरला पाहिजे. पण टाकी गावाच्या वरच्या अंगाला, खालची गल्ली नदीकडे, मध्ये मांडीभर गाळ. मी गेलो नाही. टँकरवर काम करायची सवय. तिथे टाकी हेच पहिलं घर आणि तेच शेवटचं.

बापू आणि मी पाइपलाइनवरून चालत गेलो. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचा खड्डा काळ्या पाण्याने भरलेला, शेजारी फुटलेली गटार. पाणी सुटतं तेव्हा जोर असतो, गळती बाहेर पडते. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि तीच फट खड्ड्यातलं पाणी आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा त्याचा. बापू खड्ड्यात उतरले आणि हाताने चाचपून म्हणाले, "वॉशरच गेलाय." दहा-वीस रुपयांचा वॉशर!

त्या गल्लीची लाइन तोडली, टँकर लावला, घराघरांतले रांजण-पिंपं ओतून घासायला लावली, प्यायच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायला लावली, २० लिटरला एक. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच, पण मी माझ्यासाठी एचटूएसच्या एका बाटलीत, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडते त्या बाटलीत, पाणी भरून खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी. ती मी बरेच दिवस टेबलावर ठेवली होती.

त्या रात्री अहवाल भरायचा होता. वरून एकाने फोन केला, कोण ते जाऊ दे, "अकरा एकदम लिहू नका, दोन दिवसांत विभागून टाका, पेपरवाले फिरतायत." माझा हात थबकला, खोटं कशाला बोलू. आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी माझ्या हातातला कागद घेतला, रकान्यात अकरा लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "जेवलात का?" पोर चौथ्या दिवशी घरी आलं. अकराचे पुढे चौदा झाले आणि तिथेच थांबले.

जुलाब आटोक्यात आल्यावर माझ्या डोक्यात दुसरं घड्याळ चालू झालं. प्रत्येक रोगाला आपापला वेळ असतो. जुलाब पहिल्या आठवड्यात येतात. लेप्टो, टायफॉइड, डेंगी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या पुढे. पाण्यातून येणारी कावीळ तर महिना-दीड महिन्याने, जेव्हा पूर सगळे विसरलेले असतात. टीव्हीवाले पहिल्या आठवड्यातच गेले होते.

लेप्टोची मला जास्त भीती. २००५ला २६ जुलैच्या पावसानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, ते आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतले जंतू चिखलात टिकतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आत जातात. आणि इथे तर गावभर अनवाणी माणसं गोठे साफ करत होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून सोललेली. गमबूट आले होते शंभरेक, पण गाळात ते पायातून निघून तिथेच राहत. मग लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. चिखलात काम करणाऱ्या मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवण झाल्यावर. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना ती नाही.

पहिल्या दिवशी माणसांनी माझ्यासमोर गोळ्या खिशात टाकल्या. दुसऱ्या दिवशी चार जणांनी उपाशीपोटी घेतल्या, त्यांना मळमळलं, आणि तासाभरात गावभर बातमी, गोळ्या वाईट आहेत. तालमीतला एक पैलवान मला म्हणाला, "डाक्टर, आजार न्हाई आन् औषध कशाला? तुम्हीच खावा की." मी त्याच्यासमोर भाकरी खाल्ली आणि दोन गोळ्या गिळल्या. तसं मलाही त्या घ्यायच्याच होत्या, मी त्याच चिखलात होतो. त्याने बघितलं, वाट बघितली, मी पडलो नाही. मग त्यानेच पोरांना रांगेत बसवलं, आधी जेवण, मग गोळी, आणि तोंड उघडून दाखवायचं. माझं भाषण तीन दिवसांत जे करू शकलं नाही ते त्याच्या दंडांनी अर्ध्या तासात केलं.

तापाच्या सर्वेक्षणात आम्ही रोज ५०-६० घरं करायचो. ताप आहे का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का. पोटऱ्या तर सगळ्यांच्याच दुखत होत्या, गाळ उपसून उपसून. संशय आला की रक्त घ्यायचं आणि मॅडमकडे पाठवायचं.

मग डासांची पाळी. फॉगिंगची मागणी रोज. धूर निघतो, आवाज होतो, पोरं मागे पळतात, सगळ्यांना बरं वाटतं. उडते डास थोडे मरतात, हे खरं. पण डेंगीचा डास गाळात होत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. आणि स्वच्छ पाणी कुठे होतं? मदतीतून आलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत, कापलेल्या कॅनमध्ये, ताडपत्रीच्या घडीत, पुराने वाहून आणलेल्या टायरीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी. आम्ही शाळेतल्या पोरांना बाटल्या गोळा करायला लावलं, शंभर बाटल्यांना एक पेन. पेनं माझ्या खिशातून. शेवटी पेनं संपली, बाटल्या येतच राहिल्या.

खालच्या गल्लीतल्या मावशी रोज भांडायच्या. "पाण्याला घाण वास मारतोय तुमच्या औषधाचा. चहा फाटतोय." चहा क्लोरीनने फाटत नाही, दूधच नासकं असेल, पण मी म्हणायचो, "मावशी, पाणी रात्री भरून ठेवा, सकाळी वास कमी होतो." अकरातल्या तीन त्यांच्या घरातल्या होत्या. तरी भांडायच्या. मला ते भांडण आवडायचं. सकाळी त्या ओरडल्या नाहीत तर मी आधी त्यांच्या नळाचं ओटी घ्यायचो.

२ सप्टेंबरला गणपती बसले. गावाने मंडप घातला नाही, मूर्ती चावडीत ठेवली. तोवर रोजच्या अहवालात परत ‘निरंक’ लिहायला लागलो होतो, पण आता त्या शब्दावर माझी सही सहज होत नव्हती. आधी शेवटचं घर, मग शब्द. ७ तारखेला आम्हाला मूळ जागी जायचा आदेश निघाला. निघताना बापूंच्या हातात मी ओटीची नळी आणि बाटली दिली. ती सरकारी होती, द्यायची नव्हती. त्यांनी ती नव्या गमछ्यात गुंडाळली. कावीळ निघाली का ते ऑक्टोबरअखेरपर्यंत मी आशाताईंना फोन करून विचारत होतो. त्या म्हणायच्या, "न्हाई भाऊ, निरंक," आणि हसायच्या.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती आणि आमच्याकडे धुरळा. टँकर चौकात उभा, घागरींची रांग, भांडणं. आण्णा म्हणाले, "आणलं का पाणी?" मी पिशवी न ठेवता टँकरपाशी गेलो, शेवटच्या बाईच्या घागरीतलं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पांढरं.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आजच आलाय, बसा की जरा."

मी त्याच्याकडे बादली मागितली.